युरोपियन बाइक घ्यायचीय? आधी प्रकार ठरवा, मग कंपनी

ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या आणि ब्रिटनच्या ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या आज चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात, तर इटलीची एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीला. त्यामुळे युरोपियन बाइक आता फक्त वीस लाखवाल्यांची राहिलेली नाही. पण शोरूममध्ये गेलेला माणूस बहुतेक वेळा सीसी, पिकअप आणि रंग यांतच अडकतो. प्रकार चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी सहा महिन्यांत नकोशी होते.

ताकदीच्या आकड्यांवरून या गाड्यांमध्ये निवड करता येत नाही, याला कारण आहे. युरोपात अठराव्या वर्षापासून ए२ नावाचा परवाना मिळतो. त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७.६ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्ती) ताकदीची गाडी चालवता येते आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटची मर्यादा असते. आरएस ४५७ पाहा: ४७.६ पीएस आणि पेट्रोल धरून १७५ किलो. ४७.६ पीएस म्हणजे ३५ किलोवॅट; त्याला १७५ ने भागलंत तर बरोबर ०.२ येतात. केटीएमची ३९० ड्यूकही ४६ पीएसवर थांबते. या वर्गातल्या गाड्या याच चौकटीत बसवलेल्या असल्यामुळे खरा फरक पडतो तो बसण्याच्या पद्धतीत, चाकांत आणि सस्पेन्शनमध्ये.

१. आधी आपले रस्ते लिहून काढा

गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरली ते कागदावर मांडा: ऑफिसची ये-जा, गावी जाणं, घाट, कोकण, लडाखचं स्वप्न. स्वप्न शेवटी लिहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, हेही लक्षात घ्या. मग उरतो जुना हायवे, ताम्हिणी, वरंधा आणि शहरातलं ट्रॅफिक. ताशी दीडशेचा वेग तुमच्या आयुष्यात फारसा येणारच नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी कशी ओढते, यालाच जास्त महत्त्व द्या.

२. प्रकार ओळखा

रोडस्टर किंवा नेकेड: उघडं इंजिन, सरळ हँडल, १७ इंची चाकं. ट्रायम्फची स्पीड ४०० आणि ३९० ड्यूक दोन्ही यातल्याच, पण स्वभाव वेगळा. ड्यूक चिडखोर आहे, वळणावर तुम्हाला सतत कामाला लावते. स्पीड ४०० खालच्या आरपीएमला जास्त समजूतदार वाटते. रोज ऑफिस आणि रविवारी घाट असं ज्यांचं गणित आहे, त्यांनी या दोघींच्या पलीकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पोर्ट: आरएस ४५७. हँडल स्टीअरिंग प्लेटच्या वर बसवलेलं असल्यामुळे रेसच्या गाडीइतकं वाकावं लागत नाही, तरी सिग्नलला मनगटांवर भार येतोच. डबलसीट नेहमीची असेल तर विचार सोडा.

कॅफे रेसर: लंडनच्या एस कॅफेभोवती पन्नास-साठच्या दशकात वाढलेली शैली. बुटकं हँडल, गोल दिवा, देखणी गाडी. ट्रायम्फची थ्रक्सटन ४०० या घराण्यातली. मनापासून आवडली तरच घ्या.

अॅडव्हेंचर आणि स्क्रॅम्बलर यांत लोक सर्वांत जास्त गोंधळतात. अॅडव्हेंचरची वाट १९८० मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एसने घालून दिली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिस-डाकार रॅली जिंकली. लांब पल्ला हा या प्रकाराचा गाभा: वारा अडवणारी काच, सामान बांधायची सोय, मोठी टाकी. स्क्रॅम्बलर म्हणजे थोड्या कच्च्या रस्त्यावरही चालणारी रोडस्टर; तिला काच नसते. दिवसभर ताशी नव्वदने गेलात तर सगळा वारा छातीवर. कच्च्या रस्त्याची थोडी वाट, फार्महाऊस, खड्ड्यांचं शहर यांसाठी मात्र ती झकास. पुढचं चाकही बघा. २१ इंची चाक (नवी ३९० अॅडव्हेंचर) दगडगोट्यांतून सहज जातं, पण डांबरावर वळताना जरा आळशी वाटतं. १९ इंची (३९० अॅडव्हेंचर एक्स, स्क्रॅम्बलर ४०० एक्स) हा आपल्याकडच्या रस्त्यांसाठी जास्त शहाणा पर्याय. तारांचं चाक असेल तर टायर ट्यूबलेस आहे का, हे आवर्जून विचारा. ट्यूबचा टायर घाटात पंक्चर झाला तर चाक खोलावं लागतं.

३. शोरूममध्ये नुसतं बसू नका

स्पीड ४०० ची सीट आठशे मिलिमीटरच्या आसपास, स्क्रॅम्बलर ४०० एक्सची ८३५ वर. पण रुंद सीट मांड्या फाकवते, म्हणून आकड्यावर भरवसा ठेवू नका. रोजचे बूट घालून जा. स्टँड काढून, बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे रेटून बघा. पार्किंगच्या उतारावर हेच करायचंय. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आणि मागे जी व्यक्ती बसणार आहे तिला सोबत न्या. साडी किंवा ड्रेस घालून फूटरेस्टवर पाय कसा ठेवायचा, पकडायचं कशाला, हे तिलाच ठरवू द्या.

४. टेस्ट राइड ट्रॅफिकमध्ये मागा

सेल्समन मोकळ्या रस्त्यावर नेईल. तुम्ही दुपारी, गर्दीत जा. दुसऱ्या गिअरला अगदी हळू चालवा. गाडी धक्के देते का? गुडघ्याला गरम हवा लागते का? मोठा स्पीडब्रेकर, खराब रस्ता आणि अरुंद गल्लीतला यू-टर्न, हे तिन्ही करून बघा. डबलसीटही एक फेरी मारा.

५. खर्चाचा हिशेब घरी बसून

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, त्याखालच्यांना १८. म्हणून ऑन-रोड किंमत लेखी घ्या, विम्याचं कोटेशन वेगळं मागा. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे ते नकाशावर बघा. सोलापूर किंवा रत्नागिरीच्या माणसासाठी हा मुद्दा इंजिनापेक्षाही मोठा ठरू शकतो. काउंटरवर क्लच लिव्हर, आरसा, इंडिकेटर आणि मागच्या टायरचा भाव विचारा. गाडी एकदा तरी आडवी होतेच, तेव्हा याच वस्तू मोडतात. फेअरिंगच्या, म्हणजे बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेल्या गाडीला त्यात पॅनेलची भर पडते.

दोन गाड्यांवर येऊन अडलात, तर दोन्हींच्या टेस्ट राइड एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर घ्या. हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेटचे पैसे बुकिंगच्या आधीच बाजूला काढून ठेवा, आणि तेवढे वजा करून जी बसते तीच गाडी बुक करा.