दर दुरुस्त केला तरी व्याजाच्या ओळीतली एरर जात नव्हती

एक्सेलमध्ये व्याज सरासरी कर्जावर काढलं आणि अखेरचं कर्ज त्या व्याजावरच ठरत असलं, की सर्क्युलर रेफरन्स (सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबून राहणं) येतोच, म्हणून इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (असं चक्र पुन्हा पुन्हा मोजण्याची सोय) चालू होतं. दराच्या सेलमध्ये मजकूर पेस्ट झाला आणि व्याज, रोकड, कर्ज सगळीकडे व्हॅल्यू एरर. दर नीट केला, एफ९ दाबून पुन्हा गणित करायला लावलं, इटरेशन वाढवली, तरी तेच, कारण एरर त्या चक्रातच फिरत राहते. डोकं उठलं होतं.

उपाय: एका सेलला 'स्विच' नाव देऊन त्यात 0 टाका. प्रत्येक वर्षाच्या व्याजाचं सूत्र असं करा:

=इफ(स्विच=1, 0, ॲव्हरेज(आरंभीचं कर्ज, अखेरचं कर्ज)*दर)

आधी मूळ दर दुरुस्त करा. मग स्विच 1 करा. व्याज शून्य होतं, साखळी तुटते, एरर पुसली जाते. त्यानंतरच पुन्हा 0. इफएररनेही (एरर आली तर तिच्याजागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) काम भागतं, पण तो खऱ्या चुकाही झाकतो, म्हणून मी वापरत नाही.