टीकॅस आणि कंट्रोलर वेगवेगळं सांगत असतील तर

टीकॅस म्हणजे विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, कंट्रोलर म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा. आधी उत्तर: आरए (रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा टीकॅसचा आदेश) आला की टीकॅसचंच ऐकायचं. कंट्रोलर त्याच क्षणी उलट सांगत असला तरी.

टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी (रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाशी) बोलतो. 1030 मेगाहर्ट्‌झवर विचारतो, 1090 वर आलेलं उत्तर ऐकतो. समोरच्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी ते विमानच नाही. ट्रान्सपाँडर उंची कळवत नसेल तर फार तर टीए मिळेल, आरए नाही.

टीए (ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी, नुसती सावधानतेची सूचना) म्हणजे ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ आणि पडद्यावर पिवळट-नारिंगी गोळा. संभाव्य टक्कर तेव्हा उंचीनुसार 20 ते 48 सेकंदांवर असते. खुणेशेजारी +05 म्हणजे ते विमान 500 फूट वर; बाण असेल तर ते मिनिटाला किमान 500 फुटांनी चढतंय किंवा उतरतंय. बाहेर शोधा, हात कंट्रोलपाशी आणा, पण नुसत्या पडद्यावरून विमान वळवू नका. टीकॅसला उंची नीट कळते, दिशा मात्र ढोबळच. डावीकडे दिसणारा ठिपका प्रत्यक्षात नाकासमोर असू शकतो. म्हणूनच टीकॅस-2 फक्त वर किंवा खाली जायला सांगतो, डावी-उजवी कधीच नाही.

आरए आला की लाल चौकोन दिसतो आणि हातात उरतात 15 ते 35 सेकंद. विमान उडवणाऱ्याने ऑटोपायलट काढायचा (ए380, ए350 सारख्या विमानांत ऑटोपायलट स्वतःच आरए पाळतो, तिथे तो राहू द्यायचा) आणि पाच सेकंदांच्या आत नाक सावकाश हलवून उभ्या वेगाचा काटा हिरव्या पट्ट्यात आणायचा. पाव जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट) इतका जोर पुरतो. ‘क्लाइंब’ला साधारण 1500 फूट प्रति मिनिट लागतात. नंतर ‘इन्क्रीज क्लाइंब’ किंवा ‘क्लाइंब नाउ’ आलं तर मात्र अडीच सेकंदांत, अधिक जोराने. ‘इन्क्रीज’मध्ये अपेक्षित वेग 2500.

इथे जास्तीत जास्त चुका घाबरून जोरात ओढल्याने होतात. फ्लाइट लेव्हल 290 ते 410 (सुमारे 29,000 ते 41,000 फूट) मध्ये थरांतलं अंतर जेमतेम 1000 फूट असतं. गरजेपेक्षा जास्त चढलात की वरच्या थरातल्या तिसऱ्याच विमानाला आरए येतो. दुसरी चूक शब्दांची. जुन्या आवृत्तीत ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ ऐकून काही वैमानिकांनी वेग कमी करण्याऐवजी वाढवला. म्हणून 7.1 आवृत्तीत तिथे ‘लेव्हल ऑफ’ आलं: चढणं-उतरणं थांबवा, एवढाच अर्थ. ‘मॉनिटर व्हर्टिकल स्पीड’ असेल तर काही करू नका, काटा लाल भागात जाऊ देऊ नका.

समोरचं विमान दिसलं म्हणून आरए सोडू नका. दिसलेलं विमान तेच असेल याची खात्री नसते.

रेडिओ सांभाळणाऱ्याने कॉलसाइन आणि ‘टीकॅस आरए’ एवढंच म्हणायचं. बहुतेक ठिकाणी कंट्रोलरच्या पडद्यावर आरए दिसत नाही, त्याला कळण्याचा मार्ग हाच. त्याचं उत्तर फक्त ‘रॉजर’. त्याने उंची बदलायला सांगायची नाही. विमान क्लिअरन्सपासून (कंट्रोलरने ठरवून दिलेल्या उंची-मार्गापासून) हललं की त्याच्या आणि त्या हालचालीने बाधित विमानांच्या सेपरेशनची (सुरक्षित अंतराची) जबाबदारी कंट्रोलरवर राहत नाही. त्याने तरीही उलट सूचना दिलीच तर वैमानिकाने म्हणायचं ‘अनेबल, टीकॅस आरए’ (जमणार नाही, आरए आहे).

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण जर्मनीतल्या युबरलिंगनचा अपघात. 1 जुलै 2002 च्या रात्री लेव्हल 360 वर टुपोलेव्ह-154 आणि बोइंग 757 एकमेकांच्या वाटेत आले. कंट्रोलरने टुपोलेव्हला खाली जायला सांगितलं, त्याच विमानाचा टीकॅस ‘क्लाइंब’ म्हणत होता. त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं, बोइंगने आपल्या टीकॅसचं, आणि दोघंही खालीच जाऊन आदळले. 71 जण मेले. दोन टीकॅस आपसांत ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. त्यातल्या एकाने उलट केलं की ती जुळणीच मोडते. (आपल्याकडे चरखी दादरीवर 12 नोव्हेंबर 1996 रोजी दोन विमानांच्या टकरीत 349 माणसं गेली, टीकॅस सक्तीचा झाला तो त्यानंतर.)

आरएहून वरचढ तीनच इशारे: स्टॉल (पंखांची उचल संपणं), विंडशिअर (वाऱ्यात अचानक मोठा बदल) आणि जमिनीचा. जमिनीपासून सुमारे 1100 फुटांखाली ‘डिसेंड’ येत नाही, सुमारे 1000 खाली कुठलाच आरए नाही. इंजिन बंद पडलं असेल तर मॅन्युअलप्रमाणे स्विच ‘टीए ओन्ली’वर न्या, चढायची ताकद नसलेल्या विमानाला ‘क्लाइंब’ मिळून उपयोग नाही.

‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकलं की लगेच क्लिअरन्सवर परत या आणि तसं कळवा.

बरेच अनावश्यक आरए मात्र वैमानिकच ओढवून घेतात. शेजारच्या लेव्हलवर विमान आहे हे कळल्यावरही मिनिटाला 3000 फुटांच्या वेगाने चढत राहिलात, तर तुम्ही थांबणार आहात हे टीकॅसला कसं कळणार? शेवटच्या 1000 फुटांत वेग 1500 च्या खाली आणा.