रक्तात हवेचा बुडबुडा अडकल्यास : हायपरबेरिक ऑक्सिजन उपचारासाठी रुग्णाची तयारी कशी करावी

एम्बोलिझम झाला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारावा तो असा : कशाचा? रक्तप्रवाहाबरोबर वाहत येऊन रक्तवाहिनीत अडकणारी गोष्ट रक्ताची गुठळी असू शकते, हाड मोडल्यावर सुटलेली चरबी असू शकते किंवा हवेचा बुडबुडा असू शकतो, आणि उपचाराची सारी दिशा या एका उत्तरावर ठरते. फुप्फुसात गुठळी अडकली असेल, तर गुठळी वाढू न देणारी किंवा ती विरघळवणारी औषधे हाच मुख्य उपचार असतो. त्यासाठी हायपरबेरिक चेंबर (वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देण्याची बंद खोली) शोधत फिरणे म्हणजे मोलाचा वेळ वाया घालवणे होय. याउलट हवा किंवा अन्य वायू धमन्यांत शिरून मेंदूला किंवा हृदयाला होणारा पुरवठा तुटला असेल, तर वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणे हाच मूळ कारणावरचा उपचार आहे. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हवा रक्तात शिरते कशी, हे ठाऊक असले तर संशय वेळेवर येतो. स्कूबा डायव्हर श्वास रोखून वर आला, तर फुप्फुसातील हवा प्रसरण पावून नाजूक वायुकोश फाटतात आणि हवा थेट धमन्यांकडे जाते. यासाठी खोल समुद्राची गरज नसते, पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनिशी चार फुटांवरून वर येणेही पुरेसे ठरू शकते. रुग्णालयात मानेतील मोठ्या शिरेत घातलेली नळी बसवताना किंवा काढताना, हृदयाच्या शस्त्रक्रियेत, रुग्णाला बसवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत किंवा फुप्फुसाचा तुकडा सुईने काढताना हा धोका संभवतो. शिरेत शिरलेली हवा बहुधा फुप्फुसात गाळली जाते. पण सुमारे 25 टक्के प्रौढांच्या हृदयात, वरच्या दोन कप्प्यांमध्ये, जन्मापूर्वीचे छिद्र पूर्ण बुजलेले नसते आणि त्या वाटेने ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. पाण्यातून वर आल्यावर साधारण दहा मिनिटांच्या आत, किंवा अशा एखाद्या प्रक्रियेच्या वेळी वा लगेच नंतर, रुग्ण अचानक बेशुद्ध झाला, त्याला आकडी आली, एक बाजू लुळी पडली किंवा दिसेनासे झाले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत हा वायूचाच एम्बोलिझम आहे असे धरून चालावे. सीटी स्कॅनमध्ये बुडबुडे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण ते अनेकदा दिसतच नाहीत.

तातडीने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रुग्णाला सपाट, उताणे निजवावे. बेशुद्ध असेल आणि श्वासमार्गाला धोका असेल तर कुशीवर वळवावे. डोके खाली व पाय वर करण्याची जुनी पद्धत धमनीतील हवेसाठी आता सुचवली जात नाही, कारण त्या स्थितीत मेंदूची सूज वाढण्याची भीती असते. घट्ट बसणाऱ्या मास्कने शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन ताबडतोब सुरू करावा आणि बरे वाटू लागले तरी तो बंद करू नये, कारण सुरुवातीला सुधारलेला रुग्ण काही वेळाने पुन्हा ढासळल्याची उदाहरणे आहेत. ज्या नळीतून हवा आत जात असेल ती तत्काळ बंद करावी. भूल दिलेली असेल तर नायट्रस ऑक्साइड थांबवणे अत्यावश्यक आहे. हा वायू बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो. डायव्हरला उपचार म्हणून पुन्हा पाण्यात उतरवण्याचा विचार मनातही आणू नये.

मग चेंबरकडे. जितक्या लवकर तितके उत्तम, पण काही तास उलटून गेले म्हणून आशा सोडू नये. उशिरा उपचार मिळूनही सुधारलेले रुग्ण आहेत. निघण्यापूर्वी फोन करून चेंबर सुरू आहे का, अत्यवस्थ रुग्ण घेतात का आणि त्यात नेमका किती दाब देता येतो, हे विचारावे. सौंदर्य वा तंदुरुस्तीसाठी वापरले जाणारे, साधारण 1.3 वातावरण दाबाचे (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या 1.3 पट) मऊ फुगवट्याचे चेंबर या कामासाठी निरुपयोगी आहेत, आणि हे मी आग्रहाने सांगतो. हवाई मार्गाने न्यायचे झाल्यास विमानाच्या आतील दाब समुद्रसपाटीइतका राखावा किंवा हेलिकॉप्टर शक्य तितके खालून न्यावे; उंचीवर दाब घटला की बुडबुडा फुगतो.

या उपचाराचे गणित समजण्यासारखे आहे. दाब 2.8 पट केला की बुडबुड्याचे आकारमान मूळच्या सुमारे 36 टक्के होते. मात्र गोल बुडबुड्याचा व्यास तेवढ्याने जेमतेम तीस टक्केच घटतो, म्हणून केवळ दाबाने काम भागत नाही. खरी कामगिरी ऑक्सिजन बजावतो : श्वासातून नायट्रोजन पूर्ण वगळला की बुडबुड्यातील नायट्रोजन रक्तात उतरून फुप्फुसावाटे बाहेर पडतो आणि बुडबुडा विरत जातो. शिवाय 3 वातावरण दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेताना दर 100 मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे 6 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो, तर एरवी हे प्रमाण 0.3 असते, त्यामुळे अडथळ्यापलीकडच्या उपाशी पेशींनाही तो पोहोचतो.

आत जाण्यापूर्वी छातीचा एक्स-रे पाहिला जातो. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल आणि तिला वाट करून दिलेली नसेल, तर दाब कमी करताना ती प्रसरण पावून जीवघेणी ठरते. म्हणून आधी छातीत नळी घातली जाते. पूर्वी ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध घेतले असेल, मधुमेह वा फिटचा आजार असेल, तर न विचारता सांगावे. कपडे शंभर टक्के सुती असावेत. तेल, क्रीम, अत्तर, श्रवणयंत्र, मोबाइल, काडेपेटी यांतले काहीही आत नेऊ नये. 1997 साली मिलानमधील एका चेंबरला लागलेल्या आगीत 11 जण मृत्युमुखी पडले, आणि ठिणगी आत नेलेल्या हात गरम करण्याच्या साधनाची असल्याचे निष्पन्न झाले. तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा राग मानू नये. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी असेल, तर तिचा फुगा हवेऐवजी पाण्याने किंवा सलाइनने भरलेला आहे ना, हे परिचारिका पाहते, कारण हवेचा फुगा दाबाखाली आक्रसतो आणि नळीभोवती गळती सुरू होते.

दाब वाढू लागला की आत उकडते आणि कानांना दडे बसतात. आवंढा गिळावा, जांभई द्यावी किंवा नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारावी. दुखू लागले तर सहन करत न बसता लगेच खूण करावी, म्हणजे दाब वाढवणे थांबवता येते. सर्वाधिक वापरले जाणारे वेळापत्रक अमेरिकी नौदलाचे सहावे कोष्टक होय : 2.8 वातावरणाला वीस-वीस मिनिटे ऑक्सिजन, मध्ये पाच मिनिटे साधी हवा, मग 1.9 वातावरणाला दीर्घ टप्पे, असे एकूण चार तास पंचेचाळीस मिनिटे. हवेच्या या विश्रांतीला कारण आहे. अतिरिक्त ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरून आकडी येऊ शकते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 सालीच दाखवून दिले होते. ओठ फडफडणे, मळमळ, कानात घणघण किंवा नजर आकसल्यासारखी वाटणे ही पूर्वसूचना असते. ती सांगताच मास्क काढून हवा दिली जाते आणि बहुधा सारे लगेच निवळते. दाब उतरवताना मात्र श्वास क्षणभरही रोखू नये, कारण डायव्हरचे फुप्फुस ज्या कारणाने फाटते तेच कारण येथेही लागू आहे.

पहिल्या सत्रानंतर दुर्बलता उरली असेल, तर सुधारणा थांबेपर्यंत सत्रे पुन्हा दिली जातात. अनेकांना एक किंवा दोन पुरतात. प्रत्येक सत्राआधी व नंतर हातापायांची ताकद, बोलणे आणि नजर यांची नोंद नातेवाइकांनीही वहीत ठेवावी, म्हणजे पुढचे सत्र द्यायचे की थांबायचे हा निर्णय डॉक्टरांना सोपा जातो. विमानप्रवास चेंबरच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच करावा, आणि डायव्हर असल्यास पुन्हा पाण्यात उतरण्याआधी फुप्फुसांची व हृदयातील त्या छिद्राची तपासणी करून घ्यावी.