ऑफिसचा डबा रोज नेता यावा म्हणून: हिशोब, रात्रीची तयारी आणि मापं

ठाणे-नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोली किंवा वागळे इस्टेट, नोकरी कुठेही असो, दुपारच्या जेवणाचा खर्च तुकड्यातुकड्यांनी जातो, म्हणून तो डोळ्यांवर येत नाही. आधी तो मोजा. मोबाइलमध्ये यूपीआयचे मागच्या महिन्याचे व्यवहार उघडा आणि कामाच्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा या वेळेतली खाण्याची रक्कम तीन ओळींत मांडा: थाळी, ॲपवरून मागवलेलं जेवण, आणि साडेचारचा वडापाव-कटिंग. तिसरी ओळ जवळजवळ प्रत्येकाला धक्का देते.

आता डब्याचा हिशोब. पुढचे दर उदाहरणादाखल धरले आहेत, त्यांच्या जागी आपल्या बाजारातले घाला. मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं. चार पोळ्यांचं ११० ग्रॅम पीठ ४५ रुपये किलोने ५ रुपयांचं होतं. एका माणसाला सुकी भाजी पुरते ती १५० ग्रॅम कच्च्या भाजीची, ८० रुपये किलोने १२ रुपये. तेल, मसाला आणि गॅसचे ५, ताक किंवा कोशिंबिरीचे ८. एकूण ३० रुपये. थाळी १२० ची धरली, तर दिवसाला ९० वाचतात. महिन्याचे २२ दिवस धरू नका. सहकाऱ्यांबरोबर बाहेर जेवायचे, उशिरा उठायचे, आजारपणाचे चार दिवस सोडा. उरलेल्या १८ दिवसांचे १,६२० रुपये होतात आणि हा आकडा खरा निघतो. रोज डबा न्यायचाच असा निश्चय करणारे पहिला खंड पडला की सगळंच सोडतात. चार दिवस आधीच सोडलेले असले की तसं होत नाही.

स्वयंपाक येत नाही म्हणून डबा बंद पडलाय असं क्वचितच घडतं. सकाळी साडेसहाला भेंडी धुवायची, पुसायची, चिरायची, परतायची आणि वर कणीक मळून आठची लोकल गाठायची, हे आठवडाभर जमत नाही. म्हणून सगळा जोर आदल्या रात्रीच्या पंधरा-वीस मिनिटांवर हवा. सकाळी फक्त फोडणी आणि पोळ्या राहिल्या पाहिजेत.

पण सगळ्याच भाज्या आधी चिरून चालत नाहीत. फरसबी, गवार, कोबी, गाजर, फ्लॉवर रविवारी निवडून, चिरून, कोरडे करून बंद डब्यात ठेवले तर फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहतात. डब्याच्या तळाशी कागदी रुमाल घाला, सुटणारं पाणी तो शोषतो. भेंडी धुऊन, फडक्याने पूर्ण कोरडी करून आदल्या रात्रीच चिरा. ओली चिरली की चिकट होते आणि सकाळी परतायला दुप्पट वेळ खाते. वांगं आणि बटाटा कढई तापल्यावरच चिरा, नाहीतर काळे पडतात. पालेभाजी निवडा, पण धुऊ नका. कागदात गुंडाळून ठेवा आणि चिरायच्या आधी धुवा. धुऊन ठेवलेली मेथी दोन दिवसांत सडते. आलं-लसणाचं वाटण आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका डब्याला एक तुकडा पुरतो.

डब्याची भाजी कोरडी हवी. दुधी, घोसाळी, पडवळ यांना पाणी सुटतं. त्यात मूठभर भिजवलेली चणाडाळ किंवा मूगडाळ घाला, किंवा शेवटी दोन चमचे बेसन पेरून एक वाफ काढा. दाण्याचं कूटही पाणी धरतं. मीठ शेवटी घातलं तर कोबी आणि भेंडीला कमी पाणी सुटतं.

आठवड्यातून दोन दिवस उसळ ठेवली की सकाळ फार हलकी होते. दोन डब्यांसाठी १०० ग्रॅम मटकी शनिवारी रात्री भरपूर पाण्यात भिजवा. रविवारी सकाळी चाळणीत ओतून अर्धा तास पूर्ण निथळू द्या, मग ओलसर सुती फडक्यात पुरचुंडी बांधून झाकून ठेवा. इथल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मोड दिसू लागतात. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये टाका, बाहेर राहिले तर मे महिन्यात रात्रीतून आंबतात. मटकी बुळबुळीत झाली, वास मारू लागली, तर बहुतेक वेळा पाणी नीट निथळलेलं नसतं. आल्या-लसणाचं वाटण, गोडा मसाला आणि दोन आमसुलं एवढ्यावर उसळ पंधरा मिनिटांत होते. ओलं खोबरं मात्र डब्यासाठी टाळा, दुपारपर्यंत तेच सगळ्यात आधी विटतं. घालायचंच तर सुकं खोबरं भाजून घाला.

पोळ्या दुपारी वातड होतात त्याची कारणं दोन: घट्ट कणीक आणि डब्यात कोंडलेली वाफ. कोमट पाण्यात चमचाभर तेल घालून कणीक सैलसर मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. रात्री मळलीत तर वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी थोडी काळसर दिसली तरी चालते, लाटायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा. तव्यावरून उतरलेली पोळी थेट डब्यात टाकली की तिला घाम सुटतो, खालची ओली आणि वरची कडक होते. आधी जाळीवर तीन-चार मिनिटं निववा, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला.

पोळ्या करायला वेळच नसेल तर संध्याकाळी घरी जाताना पोळी-भाजी केंद्रातून फक्त पोळ्या घ्या. एका पोळीचे १० रुपये धरले तरी डबा ६५ रुपयांत होतो आणि ५५ वाचतात. भाजी घरची राहिली की तेल आणि मीठही आपल्या हातात राहतं.

भाताची काळजी जास्त घ्या. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जिवाणू विष तयार करू शकतात आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी ताजा लावा. दहीभात न्यायचा तर वाटीभर कोमट भातात अर्धी वाटी गार दूध आणि एक चमचा दही कालवा. दुपारी एकपर्यंत दूध विरजतं आणि भात आंबट न होता बेताचा लागतो. सकाळीच वाटीभर दही कालवलं तर तो दुपारी खाववत नाही.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून डाळ, चिकन आणि अंड्याचा रस्सा ऑफिसला पोचताच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर व्हॅक्यूमचा डबा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका आणि मगच कडकडीत गरम पदार्थ भरा. ही पायरी गाळली तर डब्याचं गार स्टीलच काही ऊब शोषून घेतं. सुकट किंवा जवळा रविवारी घरीच खा. बंदिस्त एसी पॅन्ट्रीत तो वास संध्याकाळपर्यंत हलत नाही आणि शेजारच्याला त्रास होतो.

ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्या लोकलच्या गर्दीत पिशवी आडवी होतेच, त्यामुळे चारही बाजूंनी क्लिप असलेला आणि रबराची रिंग असलेला डबा घ्या. घरी त्यात पाणी भरून उलटा धरा, थेंब आला तर रस्सा त्यात नेऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये स्टील चालत नाही, म्हणून ऑफिसात काचेची एक खोल ताटली ठेवून द्या. जेवल्याबरोबर डबा विसळा. घरी रिंग काढून धुवा आणि वाळवूनच बसवा. वास धरतो तो याच फटीत.

भाजीसाठी ठाण्यात जांभळी नाक्याची मंडई चांगली आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाले आणि धान्य असे वेगवेगळे बाजार आहेत, पण तो घाऊक व्यवहार आहे. दोघांच्या घराने कांद्याची गोणी उचलली तर पावसाळ्यात निम्मी सडते. तीन-चार घरांनी मिळून घेतली तरच परवडते. डाळी आणि कडधान्यं मात्र दोन महिन्यांची एकदम घ्या, फार सडण्याची भीती नसते.

आता तिसरी ओळ. चार पोळ्या खाल्ल्या तरी साडेचारला पोट मागतंच, आणि रोजच्या ३० रुपयांच्या वडापाव-चहाचे २२ दिवसांत ६६० होतात. त्यासाठी वेगळी छोटी डबी न्या: मूठभर भाजलेले दाणे-फुटाणे आणि एक केळं, किंवा घरचा पातळ पोह्यांचा चिवडा. ही डबी घरी राहिली की बचतीतला मोठा भाग खाली टपरीवर जातो, तेव्हा जेवणाच्या डब्याआधी हीच भरा. चहा पिऊ नका असं नाही, तो रोजच्यासारखाच घ्या.

तिघं एकत्र जेवत असाल तर भाजी वाटून घ्या. पोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या आणि भाजी एका दिवशी एकाने अर्ध्या किलोची करायची. एका वेळी १५० ग्रॅमची भाजी करायला जेवढा गॅस आणि वेळ लागतो, अर्ध्या किलोला त्याहून थोडाच जास्त लागतो. दर तिसऱ्या दिवशी एकदा कढई चढवली की भागतं. कोण काय आणणार ते रविवारीच ठरवा, नाहीतर सलग दोन दिवस बटाटा येतो.