ओळ संपली कुठे? सी मध्ये फाइल ओळीओळीने वाचताना

माझा फाइल वाचणारा पहिला सी प्रोग्राम छान चालला, फक्त बेरीज चुकत होती. फाइलमध्ये एका ओळीवर एक असे आकडे होते. शेवटचा आकडा ४० आणि उत्तरही नेमकं ४० ने जास्त. संध्याकाळभर बेरजेचं लूप उलटंपालटं केलं. बेरीज बिचारी निर्दोष होती, शेवटची ओळच दोनदा मोजली जात होती.

आता नवे सहकारी फोन करून हेच विचारतात, आणि मी कोड तोंडी सांगतो. इथेही तसंच सांगतो. नावं उच्चारानुसार आहेत, टाइप करताना तुमची तुम्हाला कळतील.

आधी एफओपन, फाइल उघडणारं फंक्शन. फाइलचं नाव आणि मोड ‘आर’, म्हणजे वाचण्यासाठी. परत आलेला पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, असेल तर पीएरर बोलवा आणि तिथूनच बाहेर पडा. फाइल सापडली नाही की परवानगी नाही, हे पीएरर स्वतः सांगतं. ही तपासणी गाळणारे पुढे सेगमेंटेशन फॉल्टशी (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद पडणं) झटापट करत बसतात.

मग लूप. माझी चूक इथे होती. मी व्हाइलच्या कंसात ‘नॉट एफईओएफ’ लिहिलं होतं. वाचायला सरळ वाटतं: फाइल संपेपर्यंत चाल. पण एफईओएफ पुढचं भाकीत करत नाही. आधीच्या वाचनात फाइलचा शेवट लागला होता का, एवढंच ते सांगतं. शेवटची ओळ तिच्या न्यूलाइनसकट (ओळ संपल्याची खूण) वाचून झाली, तरी शेवटाला अजून धडक बसलेली नसते. लूप आणखी एकदा फिरतं, एफगेट्स (ओळ वाचणारं फंक्शन) नल देतं, बफरला, म्हणजे ओळ ठेवायच्या अ‍ॅरेला, हातही लावत नाही, आणि त्यात पडून असलेले जुने ४० पुन्हा मिळवले जातात. गंमत म्हणजे फाइलच्या शेवटी न्यूलाइन नसेल तर हाच कोड बरोबर उत्तर देतो. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यावर माझा विश्वास नाही.

व्हाइलच्या कंसात वाचनच ठेवा: एफगेट्स, कंसात बफर, साइझऑफ बफर, फाइल पॉइंटर, आणि हे नॉट इक्वल टू नल असेपर्यंत फिरा. लूप संपल्यावर एफएरर विचारा, कारण नल हे फाइल संपल्यावरही येतं आणि वाचताना बिघाड झाल्यावरही. एक सावधगिरी: बफर दुसऱ्या फंक्शनला पाठवलात, तर तिथे तो नुसता पॉइंटर असतो. साइझऑफ मग अ‍ॅरेचं नाही, पॉइंटरचं माप देतं, ६४ बिटच्या मशीनवर साधारणपणे ८. आकार वेगळा पाठवा.

आणि ओळ वाचणारं जुनं फंक्शन गेट्स? त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नव्हती. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने ज्या भगदाडांतून शिरकाव केला, त्यातलं एक हेच. सीच्या २०११ च्या मानकातून ते काढून टाकलं. जुन्या नोट्समध्ये दिसलं तर पान उलटा.

आता खरा मुद्दा. फाइलमध्ये ओळी नसतात, बाइट असतात. मधूनमधून न्यूलाइनचा बाइट येतो, इतकंच. एफगेट्स न्यूलाइन मिळेपर्यंत किंवा बफर भरेपर्यंत वाचतं, यातलं जे आधी घडेल ते. म्हणजे हातात आलेला तुकडा पूर्ण ओळ आहे की नाही, हे तुम्हालाच बघावं लागतं.

१६ बाइटचा बफर घ्या आणि फाइलमध्ये ‘मराठी’ एवढीच ओळ ठेवा. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक), प्रत्येकी तीन बाइट, एकूण १५. सोळावी जागा स्ट्रिंग संपल्याचं सांगणाऱ्या शेवटच्या शून्याची. न्यूलाइन बाहेरच राहिली! पुढच्या वेळी एफगेट्स फक्त ती न्यूलाइन आणून देईल आणि तुम्हाला वाटेल मध्ये रिकामी ओळ आहे. त्यात ‘शेवटचं अक्षर म्हणजे न्यूलाइनच’ असं धरून स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी) वजा एकच्या जागी शून्य ठेवलंत, तर वेलांटीचा तिसरा बाइट कापला जातो आणि स्क्रीनवर ‘मराठ’च्या पुढे कचरा दिसतो.

न्यूलाइन काढायला मी स्ट्रसीस्पन वापरतो: बफरमध्ये पहिली कॅरेज रिटर्न (विंडोज न्यूलाइनच्या आधी ठेवतं तो बाइट) किंवा न्यूलाइन कुठे आहे ते विचारायचं, त्या जागी शून्य ठेवायचं. न्यूलाइन नसेल तर ते शेवटच्या शून्याचीच जागा देतं, काही बिघडत नाही. विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचताना मागे राहणारी कॅरेज रिटर्नही यातच जाते.

पण काढण्याआधी स्ट्रसीएचआरने न्यूलाइन आहे का ते बघा. नसेल तर एफगेटसीने पुढचं एक अक्षर वाचा. न्यूलाइन किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) आलं तर ओळ पूर्णच होती. दुसरं काही आलं तर ओळ बफरपेक्षा लांब आहे: ओळीचा क्रमांक छापून तक्रार करा आणि न्यूलाइन किंवा ईओएफ येईपर्यंतचा भाग वाचून टाकून द्या. एफगेटसीचं उत्तर इंटमध्ये घ्या, कॅरमध्ये नाही. नाहीतर २५५ किमतीचा बाइट आणि ईओएफ यांची गल्लत होऊ शकते.

ही उस्तवार नको असेल तर गेटलाइन आहे. २००८ च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकात, आलं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत मिळत नाही. पॉइंटर नल आणि आकार शून्य ठेवून सुरुवात करा, मेमरी ते स्वतः वाढवतं. वजा एक आलं की थांबा. मेमरी मोकळी करणारं ‘फ्री’ हे फंक्शन लूपच्या बाहेर, एकदाच. मात्र फाइल अनोळखी माणसाकडून येणार असेल तर मी एफगेट्सच घेतो, कारण कुणी न्यूलाइनच नसलेली प्रचंड फाइल दिली तर गेटलाइन मेमरी वाढवतच राहील.

ओळी अ‍ॅरेत साठवायच्या असतील तर बफरचा पत्ता साठवू नका. बफर एकच आहे. शेवटी सगळ्या खणांत शेवटचीच ओळ दिसेल. प्रत्येक ओळीची स्ट्रडपने प्रत काढा, आणि तिची मेमरी नंतर मोकळी करा.

फोन करण्याआधी चार फाइली चालवून बघा: एक पूर्ण रिकामी, एक शेवटी न्यूलाइन नसलेली, एक बफरहून लांब ओळीची, आणि एक ‘मराठी’वाली, १६ च्या बफरसकट.