‘जगाची उलटापालट’वाला ग्रीक शब्द कसा फोडायचा

बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचताना एखादा शब्द अडला की आपण डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलतो आणि पुढे जातो. तसं करू नका. ‘अनास्तातोओ’ घ्या, म्हणजे खळबळ माजवणं, बसलेली घडी विस्कटणं.

आधी शब्द कुठेकुठे आलाय ते शोधा. स्ट्राँगच्या सूचीत (तिथे बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला नंबर दिलाय) ग्रीक शब्दांतला नंबर 387 शोधला की नव्या करारात तीनच जागा मिळतात: प्रेषितांची कृत्ये 17:6, 21:38 आणि गलतीकरांस 5:12.

आता मागचापुढचा मजकूर वाचा, खरी गंमत इथेच आहे. थेस्सलनीका शहरात लोक प्रेषित पौल आणि सीला यांना घरी ठेवणाऱ्या यासोनाला ओढत नेतात आणि ओरडतात की जगाची उलटापालट करणारे इथेही आलेत, पण पाचव्या ओवीत बघा, बाजारातले गुंड गोळा करून शहरात गोंधळ घातला कुणी, तर ह्याच तक्रारवाल्यांनी! 21:38 मध्ये रोमी सरदार पौलाला विचारतो, बंड करून चार हजार मारेकऱ्यांना रानात नेणारा मिसरी (इजिप्तचा माणूस) तूच ना. गलतीकरांत मात्र दंगाबिंगा नाही, सुंता कराच म्हणून मागे लागून मंडळीची मनं अस्वस्थ करणारे आहेत.

मग शेपूट बघा. तिन्ही ठिकाणी शब्द धातुसाधित आहे, आपल्या ‘करणारे’सारखा. ‘अनास्तातोसान्तेस’ मधला ‘सा’ म्हणजे अओरिस्ट, अख्खी कृती एकदम धरलेली, अनेकवचन. ‘अनास्तातोसास’ तेच, पण एकवचन, एकटा मिसरी. ‘अनास्तातून्तेस’ वर्तमान, म्हणजे गलतीयात त्रास अजून चालूच आहे.

मूळ शेवटी बघायचं. ‘अना’ म्हणजे वर आणि ‘स्ता’ म्हणजे आपलाच संस्कृत ‘स्था’, दोन्ही एकाच मुळातले, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जातं: उत् + स्था वरून उठणे, उठाव, उत्थान. ग्रीकमध्येही पुनरुत्थानाचा ‘अनास्तासिस’ ह्याच घरातला. पण म्हणून इथे पुनरुत्थानाचा अर्थ घुसडू नका (प्रवचनात हा मोह फार होतो). ‘अनास्तातोस’ म्हणजे जागेवरून उठवलेला, घरादारातून हुसकलेला, त्याला ‘ओओ’ लागून आपल्या ‘उठवणे’सारखं प्रयोजक क्रियापद झालं.

वेळ असेल तर बायबलबाहेरही डोकवा. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेल्या पपायरसवर थेओन नावाच्या पोराचं बापाला पत्र आहे, मला अलेक्झांड्रियाला नेलं नाहीस म्हणून रुसून लिहिलेलं, आणि त्यात तो सांगतो की आई म्हणते, हा मला वैताग देतो, घेऊन जा ह्याला. तिथे क्रियापद हेच.