पौषातल्या थंडीत घरात मयत झाली तर

खान्देशात बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि सातपुड्यात डाब, तोरणमाळकडे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. अशा दिवसांत घरात मयत झाली की रीत नेहमीचीच असते. मात्र ती पाळताना पहाटेची अंघोळ, जमिनीवरची बैठक आणि उपाशी पोट हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतं, आणि त्या गडबडीत त्यांच्याकडे बघायला कुणी नसतं. म्हणून पहिल्याच तासात घरातला एक जाणता माणूस फक्त त्यांच्यासाठी नेमा. त्याच्याकडे दुसरं काम देऊ नका.

शरीर आखडायला दोन-चार तासांत सुरुवात होते. त्याआधी डोळे मिटवा, हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर बांधा, हातपाय सरळ करा, अंगठ्या-बांगड्या उतरवा. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना सांगून तो आधी काढून घ्या. चितेत तो फुटतो. रात्री मयत झाली आणि सकाळी न्यायचं असेल तर त्या खोलीत शेकोटी, शेगडी नको आणि खिडकी उघडी असू द्या. बसणाऱ्यांसाठी शेजारची खोली उबदार ठेवा. सुरत-पुण्याहून माणसं यायची असतील आणि दुपार उलटणार असेल तर फ्रीजरची पेटी मागवा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तिचा भरवसा धरू नका, वीज जाणार असेल तर जनरेटरची सोय बघा.

मुलगा लष्करात काश्मीर-लडाखकडे असेल तर बर्फाने रस्ता अडतो, विमानही हवामानावर असतं. युनिटला फोन करा, पण नुसत्या आशेवर मयत दोन दिवस अडवून ठेवू नका. अग्नी वेळेवर द्यावा. अस्थी थांबू शकतात. त्या मडक्यात बांधून घराबाहेर उंच जागी टांगा आणि विसर्जन त्याच्या हातून होऊ द्या. त्यात काही कमी पडत नाही.

चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. थंडीत खरी अडचण दवाची असते. रात्रभर उघड्यावर पडलेलं लाकूड वरून कोरडं दिसतं, पण पेटत नाही, नुसतं धुमसतं. आदल्या संध्याकाळी ताडपत्री टाका. खालच्या थरात गोवऱ्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या घाला आणि हवा जायला मधे जागा सोडा. पेट घेत नाही म्हणून डिझेल-पेट्रोल ओतणं धोक्याचं आहे. भडका उलटा येतो आणि अग्नी देणाराच भाजतो. तिसऱ्या दिवशी राख सावडतानाही घाई नको. वरची राख थंडगार लागते, आत मात्र निखारे असतात. दूध-पाणी शिंपडा, काठीने राख पसरा, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा आणि मगच अस्थी मडक्यात भरा.

मसणातून आल्यावर अंघोळ सगळ्यांनाच करायची असते. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा बीपी आहे त्यांनी नदीत किंवा नळाखाली गार पाणी डोक्यावर घेऊ नये. रक्तदाब एकदम चढतो. अंगणात बंब पेटवून ठेवा. बादलीत रॉड लावला असेल तर बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावा. सगळ्यात जास्त भीती गॅस गिझरची. बंद न्हाणीत एकामागून एक दहा-पंधरा जणांनी अंघोळ केली की आतली हवा संपते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस आतच कोसळतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर नसेल तर त्या दिवशी वापरू नका, बाहेर पाणी तापवा. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली बंद खोलीत घेऊन झोपण्याचंही हेच आहे. दार फटीएवढं उघडं असलं तरी झोपताना निखारे बाहेर न्यायचेच.

गेलेल्याच्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. तुपाचा किंवा खोबरेल तेलाचा दिवा पहाटे विझतो, कारण वातीपासून लांबचं तूप गोठतं आणि वर चढत नाही. घरचे ते अशुभ मानून रडतात. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल घाला, वात जाड घ्या आणि दिव्यापासून गोधड्या हातभर लांब ठेवा.

मागे राहिलेली आजी किंवा आजोबा जमिनीवरच बसणार असतील तर फरशीवर आधी गोणपाट, मग सतरंजी, मग गादी घाला. नुसत्या चटईतून गारवा वर येतो. रात्री कानटोपी, पायात मोजे. गरम पाण्याची पिशवी शुगर असलेल्यांच्या पायाला थेट लावू नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. गोळ्यांचा डबा नेमलेल्या माणसाकडेच असावा. शुगरची गोळी घेऊन घास न खाल्ल्यास साखर उतरते, म्हणून नको नको म्हणाल्या तरी आधी मऊ खिचडी, मग गोळी. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळतंय, भलतंच बोलतंय आणि पोटाला हात लावला तर गार लागतंय, असं दिसलं तर दुःखाने सुन्न झाल्या असतील म्हणून सोडू नका. ओले कपडे बदला, पांघरूण घाला आणि दवाखान्यात न्या.

दशक्रियेला तापीकाठी प्रकाशा, मुडावद किंवा चांगदेवला जाल तर ऊन चढल्यावर विधी लावून घ्या. गुरुजींना आदल्या दिवशीच सांगितलं की ते वेळ जुळवतात. प्रकाशाला बॅरेजमुळे तापीचं पाणी खोल असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. वयस्कर माणसांना वरच बसवा, त्यांच्यासाठी बादलीने पाणी आणा. मुंडण झालेल्यांच्या डोक्याला लगेच मफलर गुंडाळा. गंधमुक्तीला, म्हणजे दुखवटा संपवायच्या विधीला, माणसं दुपारी बोलवा, पहाटेचा प्रवास धुक्याचा असतो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात पालिकेत. घरी मयत झाली असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला, नमुना 4-अ, आधीच घ्या. नाव आधार आणि सातबाऱ्यावर आहे तसंच लिहिलं आहे का हे सही करण्याआधी वाचा. वारस नोंदीच्या वेळी एका अक्षरामुळे फेऱ्या होतात. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढा.

शेताचं कोणी विचारत नाही आणि विचारायला घरच्यांना सुचत नाही. भाऊबंदांनी आपणहून वाटून घ्यावं. गव्हाला पेरणीनंतर 21 दिवसांचं पाणी चुकलं तर मुळं नीट फुटत नाहीत. केळीला कडाक्याच्या रात्री पाणी द्यावं आणि पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा. म्हशीच्या धारेला मात्र नेहमीचाच हात लागतो, परक्याला ती पान्हा सोडत नाही आणि दूध राहिलं की कास सुजते. तेवढ्या वेळापुरतं घरातल्या माणसाला बैठकीतून उठू द्या.